न दिलेला चटका

हिरडीटोल्याच्या वच्छलाबाईच्या हाताला गुण होता, असं तिथली जुनी माणसं अजूनही सांगतात. गुण कसला, चटका होता! पण गावाला एकदा कुणाच्या हातात गुण दिसला की पुढचं सगळं डोळे मिटूनच चालतं. त्यात हिरडीटोल्याचाच दोष आहे असंही नाही.

ब्रह्मपुरीहून जीप धरायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि जंगलाच्या अंगाने चालत निघायचं की हा टोला लागतो. मूठभर घरं, एक बोडी म्हणजे लहानसं तळं, मातामाय या गावदेवीचं झाड, आणि पार जंगलाला टेकलेल्या धानाच्या बांध्या. वच्छला इथे लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला दोन गोष्टी शिकवल्या, आंबाडीची भाजी आणि हळकुंडाचा चटका. भाजी तिला कधी धड जमली नाही. चटका मात्र असा जमला की सासू हयात असतानाच लोक सुनेला हाक मारू लागले.

हळकुंड तेलात भिजवायचं, दिव्यावर पेटवायचं, फुंकून विझवायचं आणि टोक लाल आहे तोवर कातडीला टेकवून उचलायचं. कावीळ झाली की चटका, बरगडीत कळ आली की चटका, लेकराचं पोट फुगलं की बेंबीच्या बाजूला चटका. मसुरीएवढा गोल वण राहायचा. गावातल्या निम्म्या माणसांच्या पोटावर वच्छलाची ही सही होती म्हणा ना. कुणाकडून ती काही घेत नसे. चहा घेई, तो मात्र गोडमिट्ट लागे. रडणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊन ती म्हणे, "रडू नको बाप्पा, आग दुखते म्हून त रोग पळते." आणि चटका दिल्यावर त्या लेकरासोबत स्वतःही डोळे पुसत बसे. नवरा लटारू तिला हसायचा. म्हणायचा, "चटका त्याले, आन रडते तू!"

लटारू गेला, मुलगा आदेश मोठा झाला, आणि मग एका वर्षी ते प्रकरण झालं. मुखरूच्या नातवाला दिलेला चटका चिघळला. पोर फार लहान होतं. त्याचं पोट सुजलं, अंग तापलं, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. पोर वाचलं, पण आरोग्य खात्याची गाडी गावात आली. मातामायच्या झाडाखाली सभा भरली. सगळ्यांसमोर वच्छलाला उभं केलं. एका साहेबाने पोलिसांचं नाव घेतलं, दुसऱ्याने अडाणीपणावर भाषण दिलं. ज्यांच्या पोटांवर तिच्या सह्या होत्या ते सगळे जमिनीकडे बघत बसले.

वच्छला रडली नाही. तिने घरून तेलाची वाटी आणि हळकुंडं आणली, बोडीत भिरकावली आणि मातामायला हात लावून म्हणाली, "आजपासून माह्या घरची हळद भाजीतच पडन. अंगावर पडली त माये, माह्या घरावर पड."

आणि तिने शब्द पाळला. मागल्या दाराने माणसं येत राहिली, हातापाया पडत राहिली. ती त्यांना दवाखान्याची वाट दाखवी. तिला त्या शब्दाचा अभिमान होता. पण त्या सभेची भीती तिच्या पोटात कायमची बसली. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. वच्छला तर पुढे पाणीही फुंकून पिऊ लागली. लेकरू कुठे रडलं तरी ती हातातलं काम टाकून घरात शिरे, न जाणो कुणी आपलं नाव घेईल म्हणून.

आदेशचं लग्न झालं आणि रंजीता घरात आली. वडशाकडची पोरगी, हिवाळाभर नाटकं बघून वाढलेली. तिला नाटकांतली गाणी पाठ, रडके प्रवेश पाठ, खलनायकाचं हसणंही पाठ. सासूसारखं चालून दाखवायची ती, आणि तेही सासूसमोर. एकदा वच्छला तिला मीठ जास्त झालं म्हणून बोलली, तर म्हणाली, "आई, तुमी हळकुंड सोडलं म्हंते गाव. मले त रोजच चटके भेटून राह्यले." वच्छला इतकी हसली की तिला ठसका लागला. आदेश मितभाषी, लटारूही मितभाषी होता. त्या घरात इतका आवाज पहिल्यांदाच झाला होता आणि वच्छलाला तो हवा होता. शेजारणीला ती सांगे, "सून नाई आणली बाई, रेडू आणला." 'रेडू' म्हणजे रेडिओ.

तोवर वाघाचे दिवस आले होते. वाघ पूर्वीही होते, पण जंगलात होते. मग जंगल आकसत गेलं, वाघ वाढत गेले, आणि एका सकाळी बुधूला त्याच्या स्वतःच्या बांधीतून वाघाने नेलं. त्यानंतर जंगलाकडच्या बांध्यांत कुणी रोवणी केली नाही. गायकी गुरं घेऊन जंगलात जाईना. पडीक बांध्यांत तरोटा माजला, रायमुनियाची झुडपं आली, गवत कमरेला लागलं आणि खाली उंदरांनी बिळांची वस्ती उठवली. गुरं घरी बांधलेली, त्यांना चारा तर हवा. मग बाया घोळक्याने त्याच पडीक बांध्यांत जाऊन गवत कापू लागल्या. एक बाई डबा बडवायची, बाकीच्या कापायच्या. रंजीता असली की डब्याची गरज पडत नसे. ती खलनायकाचं हसणं हसायची. बाया म्हणायच्या, वाघ काय, वाघाचा बाप पळन. सगळ्यांचे डोळे जंगलाकडे लागलेले असायचे. पायाखालच्या गवताकडे बघायची कुणाला आठवण? रंजीता गवताचा भारा कमरेला टेकवून उचलायची आणि तसाच घरी आणायची.

पोळा झाला आणि रंजीताला ताप आला. डोकं फुटतं म्हणाली, अंग मोडून निघालं. शेजारच्या गावातल्या डॉक्टरने सुई टोचली, सलाईन लावलं. ताप उतरला आणि संध्याकाळी परत चढला. पुन्हा सुई. रोग रेड्याले आणि इंजेक्शन पखालीले, असली ती तऱ्हा.

ताप हटेना म्हणून वच्छला तिचं अंग ओल्या फडक्याने पुसत होती, तेव्हा लुगड्याची गाठ सैल केली आणि तिचा हात जागीच थांबला. रंजीताच्या कमरेला, गाठीच्या बरोबर खाली, एक काळी खपली होती. गोल. मसुरीएवढी. भोवती लालसर कडं. वच्छलाने असली खपली शेकडो अंगांवर पाहिली होती, स्वतःच्या हाताने उठवली होती.

"हा कोणं देल्ला व तुले?" तिने विचारलं. "तुह्या मायनं? राखीले गेली होती तवा?"

"काय देल्ला?"

"चटका."

"कोणंच नाई देल्ला, आई. मले त मालूमही नाई तिथी काय हाय ते."

"खोटं नको बोलू माह्याशी."

"तुमची आन."

वच्छलाने खपलीवर अंगठा दाबला. चांगला दाबला. रंजीता तापाने फणफणलेली, तरी खुदकन हसली. म्हणाली, "आई, नका करू व, गुदगुल्या होते."

आता ज्या बाईने उभा जन्म लोकांना चटके दिले, तिला चटका दुखतो हे कुणी सांगायला हवं होतं का? चटक्यावर पोराची फुंकर जरी पडली तरी माणूस कळवळतं. त्या खपलीवर अंगठा रोवला आणि पोरगी हसली. वच्छलाचा हात म्हणाला, हा चटका नाही. पण हाताचं ऐकायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि तिच्या डोक्यात मातामायचं झाड उभं होतं. सभा, साहेब, पोलीस, खाली घातलेल्या माना. घरात आजारी सून आणि तिच्या कमरेला गोल काळा वण. कोण मानेल, की हा वच्छलाने दिलेला नाही? तिने लुगड्याची गाठ ओढून घेतली, खपलीच्या वर, घट्ट.

"कोनाले दाखवू नको," ती म्हणाली.

रंजीताने तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. सभेची गोष्ट तिने लग्नाआधीच ऐकली होती. "नाई दाखवत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावची आशाताई दिव्यानी आली. शेजारच्या घरची सून, कामाची पक्की. तिने रंजीताला पाहिलं आणि जीप बोलावून सरळ आरोग्य केंद्रात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रक्त घेतलं, मलेरियासाठी तपासलं, नव्हता. डेंगूही नव्हता. बाईंनी काखेत पाहिलं, मानेवर पाहिलं, आणि विचारलं, "अंगावर कुठे भाजल्यासारखी काळी खपली आहे का? कमरेला, मांडीत, कुठेही? नीट आठवून सांगा, फार महत्त्वाचं आहे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोरीही झाली नव्हती, तरी चांदणं लख्ख पडलं. महत्त्वाचं आहे म्हणजे पोलीस, एवढंच वच्छलाला कळलं.

"नाई बाई. मीच पुसते तिचं अंग रोज. असतं त दिसलं असतं ना मले."

बाई रंजीताकडे वळल्या. रंजीताचे डोळे तापाने लाल झाले होते. तिने सासूकडे पाहिलं, मग बाईंकडे. "नाई जी," ती म्हणाली.

सुनेने सासूची अब्रू राखली. चांगल्या घरच्या सुनेने राखावी तशी राखली. त्या शहाण्या पोरीला काय ठाऊक, की ती काय देऊन काय राखते आहे.

दुसरी औषधं सुरू झाली. दोन-तीन दिवसांत रंजीताला धाप लागली, डोळे पिवळे झाले, ती भलतंच बडबडू लागली. सरकारी गाडीने तिला चांद्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. गाडीत ती नाटकातले संवाद म्हणत होती आणि आदेश तिचा हात धरून "हो, हो" म्हणत होता. तिकडे नर्सने कपडे बदलताना खपली पाहिली आणि डॉक्टरांना हाक मारली. उंच, पांढऱ्या केसांचे डॉक्टर होते. त्यांनी बॅटरी लावून ती न्याहाळली.

वच्छला दारातूनच ओरडली, "मी नाई देल्ला साहेब! मातामायची आन! मी चटका नाई देल्ला!"

"हा चटका नाहीच आहे, आजी," डॉक्टर म्हणाले. "हे किड्याचं चावणं आहे. किती दिवस झाले याला?"

वच्छलाने सांगितलं. डॉक्टरांनी घाईने औषध बदललं.

वरातीमागून घोडं आलं. रंजीता गेली.

नंतर डॉक्टरांनी आदेशला आणि तिला समोर बसवून समजावलं. या तापाला स्क्रब टायफस म्हणतात. उंदरांच्या अंगावर, गवतात, डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक, गोचिडाच्या जातीचा किडा असतो, त्याचं पिल्लू चावतं आणि चावल्या जागी अशी खपली धरते. "गवत कापायला जंगलात जायची का?"

"जंगलात कोण जाते साहेब आता," आदेश म्हणाला. "आमच्याच बांधीत. वाघामुळं पडीक ठेवली होती."

"तेच. शेत पडीक पडलं, झुडपं वाढली, उंदीर वाढले, ते किडे वाढले. आणि नेमकं तिथेच तुम्ही गवताला जाऊ लागलात. रोग पहिल्यापासून असतोच कुठेतरी. आपल्या आणि त्याच्यामधलं अंतर संपतं, तेव्हा आपण त्याला नवा रोग म्हणतो."

वच्छलाला एकच विचारायचं होतं. "साहेब, हे पयल्या दिशीच दिसलं असतं त?"

ती काय विचारते आहे हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित त्यांनी उत्तर दिलं नसतं. "साध्या गोळ्या असतात, आजी," ते म्हणाले. "आरोग्य केंद्रातच मिळतात. बहुतेक बरी झाली असती."

गावात वच्छलाला कुणी बोल लावला नाही. लोक तापाला बोलले, वाघाला बोलले, सरकारला बोलले. बाया येऊन तिच्या गळ्यात पडल्या. तिची अब्रू शाबूत होती. इतकी शाबूत, की तिला ती अंगावरचा कपडा फाडावा तशी फाडून टाकावीशी वाटे. रंजीताच्या तेरवीला लोक म्हणाले, लेकीसारखी पाह्यली बाईनं सुनेला. वच्छला उठून गोठ्यात गेली आणि गाईच्या गळ्याला मिठी मारून तोंड दाबून रडली.

मग पुन्हा गाडी आली आणि पुन्हा त्याच झाडाखाली सभा भरली. दिव्यानीने चित्र दाखवून सांगितलं, अशी काळी खपली दिसली की लपवू नका. बायांनी पदराआड तोंडं लपवली. कमरेखालचं, छातीखालचं कोण दाखवतं, आणि कुणाला? तेव्हा वच्छला उठली. तिला कुणी उभं केलं नव्हतं, आपली आपणच उभी राहिली.

"रंजीताले अशीच होती," ती म्हणाली. "कमरेले. मी पाह्यली होती. डॉक्टरीणबाईनं इचारलं, आन मी नाई म्हटलं. लोक म्हंतीन वच्छलानं चटका देल्ला, म्हून नाई म्हटलं. माही सून रोगानं नाई मेली. माह्या भेवानं मेली." 'भेव' म्हणजे भीती, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही.

सगळ्या माना पुन्हा खाली गेल्या. एक मान वर होती, आदेशची. तो आईकडे बघत राहिला, मग उठून चालू लागला. दुसऱ्याच दिवशी त्याने वडशाच्या एका राइस मिलमध्ये भट्टीवर काम धरलं आणि तिकडेच राहू लागला. धान्य पाठवायचा, निरोप पाठवायचा नाही.

वच्छलाने पावसाळा लागल्यावर एक काम धरलं. कुठे ताप ऐकला की ती जायची. पुरुषांना बाहेर काढायची, दार लोटायची आणि बाईचं अंग तपासायची. काखा, छातीखाली, कमर, मांड्या. काही दिसलं की अंगठ्याने दाबून विचारायची, "दुखते का?" दुखलं की सुस्कारा टाकायची. दुखलं नाही की दिव्यानीला हाक मारायची. नीलाबाईच्या मांडीत तिला एक खपली सापडली. नीलाबाई गोळ्यांनी आठवडाभरात उठून बसली आणि लाडू घेऊन आली. वच्छलाने लाडू घेतला नाही. बरी झालेली नीलाबाई बघून तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच तिला राग आला. इतकं सोपं होतं ते.

पुढल्या पोळ्याला आदेश घरी आला. अंगात ताप होता. ओसरीवर बसला, पाणी प्याला. मग त्याने शर्ट वर केला.

"पाह्य हे," तो म्हणाला.

बरगडीवर काळी खपली होती. गोल. वच्छलाने त्याला उजेडात ओढलं, चष्मा लावला, आणि अंगठा त्या खपलीवर ठेवून दाबला.

"आई गं!" आदेश कळवळला.

"दुखते का?"

"दुखते ना! भट्टीची ठिणगी उडली होती."

तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा दाबलं. त्याने तिचा हात झटकला. "दुखते म्हटलं ना!"

"दुखते म्हंते त बरं हाय," ती खाली बसत म्हणाली. "हा तो नोहे. तरी उद्या दिव्यानीसंग जाऊन रक्त दाखव."

आदेशने शर्ट खाली केला. गोठ्यात गाय हंबरली. पोळ्याची पोरं रस्त्याने ओरडत गेली. मग त्याने वर न बघता विचारलं, "तिचं दाबून पाह्यलं होतं का तुनं? असंच?"

हे वच्छलाने सभेत सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. खपली पाहिली हे सांगितलं, लपवली हे सांगितलं, पण हाताला कळलं होतं हे नाही. आता नाही म्हटलं असतं तर त्याला ते कधीच समजलं नसतं, आणि वर्षभराने घरी आलेला मुलगा घरीच राहिला असता.

"दाबलं होतं," ती म्हणाली.

"दुखलं होतं का तिले?"

"नाई रे बाबू. हासली ती. गुदगुल्या होते म्हणे."

आदेशने दोन्ही हातांत तोंड धरलं. वच्छला सरकून त्याच्याजवळ गेली, पण त्याला हात लावायचा तिला धीर झाला नाही. मग त्यानेच तिचा हात ओढून घेतला, आणि रंजीता गेल्यानंतर ती दोघं पहिल्यांदा एका जागी बसून रडली.